नायजेरियाचा तो सुळका: दोन देशांची भांडवली खाती शेजारी मांडताना

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे आपण दोघं एकाच गोष्टीबद्दल बोलतोय याची खात्री होईल. एम.ए.च्या प्रबंधासाठी तुम्ही भारत आणि नायजेरिया हे दोन देश घेतलेत. जागतिक बँकेच्या आकडेसाठ्यातून ‘नेट कॅपिटल अकाउंट’ (निव्वळ भांडवली खातं) ही मालिका २००० सालापासून उतरवून घेतलीत आणि एक्सेलमध्ये आलेख काढलात. भारताची रेघ शून्याला चिकटून सरपटतेय. नायजेरियाची मात्र २००५ आणि २००६ मध्ये सुळक्यासारखी वर जाते आणि लगेच खाली येते. तुम्ही विचारताय की ज्या काळात दलाल स्ट्रीटवर परदेशी पैशाचा पूर होता, २००६ च्या फेब्रुवारीत सेन्सेक्सने दहा हजार ओलांडले, त्याच काळात गुंतवणूकदारांची पसंती नायजेरियाला होती की काय? आणि तसं नसेल तर आकडाच चुकीचा आहे का?

दोन्ही नाही. आकडा बरोबर आहे. फक्त तुम्ही जे शोधताय ते त्या आकड्यात नाहीच. आणि गंमत म्हणजे, ज्या दोन वर्षांत तुमच्या आलेखावर नायजेरियाचा सुळका उभा राहतो, त्याच दोन वर्षांत त्या देशाने आपल्या गाठीचे सुमारे १२ अब्ज डॉलर बाहेर मोजून दिले होते. म्हणजे पैसा यायचा सोडाच, गेला होता. हे कसं, ते सांगतो. मी बँकेच्या ट्रेझरीत आणि पुढे तिच्या संशोधन विभागात काम केलंय, आधी फोर्टात, मग बीकेसीत. रिझर्व्ह बँकेचं व्यवहारतोलाचं, म्हणजे देशाच्या परदेशांशी होणाऱ्या सगळ्या देण्याघेण्याच्या हिशेबाचं, तिमाही प्रसिद्धिपत्रक आलं की ते उलगडून डीलर मंडळींना दोन वाक्यांत सांगणं हा माझ्या कामाचाच भाग होता. डीलरला तिसरं वाक्य ऐकायला वेळ नसतो, त्यामुळे कुठला आकडा बोलका आणि कुठला मुका हे लवकर ठरवायची सवय लागते.

गोंधळाचं मूळ असं की एकाच नावाची दोन खाती आहेत. आपल्याकडे पेपरात, चर्चेत, कॉलेजच्या नोट्समध्ये व्यवहारतोलाचे दोन भाग सांगतात: चालू खातं (आयात-निर्यात, सेवा, बाहेरून येणारे पैसे) आणि भांडवली खातं. एफडीआय (थेट परदेशी गुंतवणूक), शेअर बाजारातला परदेशी फंडांचा पैसा, कंपन्यांची परदेशी कर्जं, अनिवासी भारतीयांच्या ठेवी, सगळं भांडवली खात्यात. तारापोर समितीने १९९७ मध्ये भांडवली खात्यावरच्या परिवर्तनीयतेचा (म्हणजे अशा व्यवहारांसाठी रुपया मोकळेपणाने परकीय चलनात बदलू देण्याचा) अहवाल दिला, तोही याच अर्थाने. पण आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने १९९३ च्या पाचव्या आवृत्तीपासून आपल्या नियमपुस्तिकेत वाटण्या केल्या. हा सगळा मोठा ऐवज ‘वित्तीय खातं’ या नावाखाली गेला आणि ‘भांडवली खातं’ हे नाव एका लहानशा कोपऱ्याला उरलं. २००९ च्या सहाव्या आवृत्तीनेही तेच ठेवलं. जागतिक बँक आपले व्यवहारतोलाचे आकडे नाणेनिधीकडून घेते. त्यामुळे तुम्ही उतरवून घेतलेली मालिका त्या कोपऱ्याची आहे.

रिझर्व्ह बँक मात्र आजही प्रत्येक तिमाहीला दोन तक्ते देते. पहिला सहाव्या आवृत्तीप्रमाणे, दुसरा जुन्या पद्धतीचा. दोन्ही उघडून शेजारी ठेवा. पहिल्या तक्त्यात ‘भांडवली खातं’ या ओळीत किरकोळ रक्कम दिसेल, फार तर अब्ज डॉलरच्या आसपास, सहसा त्याहून बरीच कमी, कधी जमा तर कधी नावे. दुसऱ्या तक्त्यात त्याच नावासमोर दहापट, पन्नासपट आकडा असेल. नवीन रुजू झालेली मुलं हे पाहून चक्रावतात आणि मग एक्सेलमध्ये दोन्ही मिसळून ठेवतात. तेवढं करू नका.

आता त्या कोपऱ्यात काय काय येतं? एक, भांडवली हस्तांतरणं. म्हणजे परतफेडीची अट नसलेली, मालमत्ता उभारण्यासाठी दिलेली अनुदानं, आणि माफ केलेली कर्जं. दोन, कारखान्यात तयार न होणाऱ्या पण विकल्या जाणाऱ्या गोष्टी: ट्रेडमार्क, फ्रँचायझीचे हक्क, वकिलातीसाठी घेतलेली जमीन, काही परवाने आणि करार. फुटबॉलपटूंच्या करारांची खरेदी-विक्रीसुद्धा इथेच बसते. २०१३ मध्ये नेमार हा फुटबॉलपटू ब्राझीलच्या सांतोस क्लबकडून स्पेनच्या बार्सिलोनाला गेला, त्याचे सांतोसला मिळालेले पैसे ब्राझीलच्या याच खात्यातले. मुंबईतलं उदाहरण हवं तर ब्रीच कँडीचं लिंकन हाऊस घ्या. अमेरिकेची वकिलात २०११ मध्ये तिथून बीकेसीला गेली आणि २०१५ मध्ये त्या वास्तूचा ७५० कोटींचा सौदा बातम्यांत होता. पुढे तो अडकून पडला. पण वकिलातीच्या मालकीच्या जमिनीचा असा सौदा पुरा होतो तेव्हा जमिनीची किंमत या छोट्या खात्यात जाते, एफडीआयमध्ये नव्हे.

ही नोंद प्रत्यक्षात कशी होते ते एकदा जवळून पाहिलंत तर या आकड्यावर किती भार टाकायचा ते कळेल. समजा अंधेरीची एक औषध कंपनी परदेशी कंपनीकडून एका मलमाचा ट्रेडमार्क घेतेय. पैसे बाहेर पाठवायचे म्हणून बँकेत ए-टू फॉर्म येतो आणि त्यावर परपज कोडचा रकाना असतो. ट्रेडमार्क कायमचा विकत घेतला असेल तर एक कोड, आणि तोच ट्रेडमार्क वापरण्याची वार्षिक रॉयल्टी असेल तर वेगळा. पहिला भांडवली खात्यात जातो, दुसरा चालू खात्यात सेवांच्या खाली. इनव्हॉइसवर मात्र ‘ट्रेडमार्कपोटी’ एवढंच लिहिलेलं असतं. फॉरेक्स डेस्कवरचा अधिकारी चोख असेल तर कट-ऑफच्या आधी कंपनीला फोन लावतो, “असाइनमेंट आहे की लायसन्स, ते सांगा आणि करारनाम्याचं ते पान मेल करा.” घाईत असेल तर गिऱ्हाईकाने जो कोड टाकलाय तोच पुढे जातो. देशभरातून असे कोड रिझर्व्ह बँकेकडे जमतात आणि त्यातून तक्ता बनतो. एफडीआयसारख्या मोठ्या रकान्यात एखादी नोंद इकडची तिकडे झाली तर पत्ताही लागत नाही. इथे पूर्ण रकानाच एवढासा आहे की दोन-चार मोठे सौदे वर्षाचं चिन्ह बदलू शकतात. म्हणून भारताच्या त्या सरपटणाऱ्या रेघेतल्या बारीक चढउतारांना कारणं शोधत बसू नका. तिथे सांगण्यासारखी कथा नाही.

सुळक्याला मात्र कथा आहे. २००५ मध्ये नायजेरियावर पॅरिस क्लबच्या (कर्ज देणाऱ्या सरकारांच्या गटाच्या) देशांचं सुमारे ३० अब्ज डॉलरचं कर्ज होतं. लष्करी राजवटींच्या काळापासून थकलेलं, व्याज आणि दंड चढून फुगलेलं. ओबासांजो अध्यक्ष होते, एन्गोझी ओकोंजो-इवेआला अर्थमंत्री होत्या (आज त्या जागतिक व्यापार संघटनेच्या प्रमुख आहेत) आणि तेलाचे भाव चढे होते. ऑक्टोबर २००५ मध्ये समझोता झाला: सुमारे १८ अब्ज माफ, आणि उरलेले सुमारे १२ अब्ज नायजेरियाने रोख भरायचे. हे टप्प्याटप्प्याने झालं आणि एप्रिल २००६ मध्ये मिटलं. तुमच्या आलेखावरची २००५ आणि २००६ ची बेरीज करून पाहा, ती १८ अब्जाच्या आसपास येईल. सुळका म्हणजे ही माफी.

आता जमा-नावे. माफ झालेली रक्कम देणगी धरली जाते, म्हणून ती भांडवली खात्यात जमा. पण तेवढंच कर्ज डोक्यावरून उतरलं, म्हणून वित्तीय खात्यात तेवढीच रक्कम नावे. दोन्ही नोंदी एकमेकींना खातात आणि डॉलर एकही हलत नाही. आपल्याकडच्या शेतकरी कर्जमाफीसारखंच आहे हे: सातबाऱ्यावरचा बोजा उतरतो, पण त्या दिवशी शेतकऱ्याच्या हातात नवी नोट पडत नाही. नायजेरियाच्या बाबतीत तर उरलेले १२ अब्ज खरोखर गेले, आणि ते वित्तीय खात्यात गेले. त्यामुळे कुणी फक्त वित्तीय खातं पाहिलं तर त्याला वाटेल की २००५-०६ मध्ये नायजेरियातून भांडवलाने पळ काढला. तुम्ही फक्त भांडवली खातं पाहिलंत तर तुम्हाला वाटलं की तिथे भांडवल धावत आलं. दोघांनी एकच घटना पाहिली, दोन दारांतून.

याचा अर्थ ही मालिका टाकाऊ आहे असा नाही. काय विचारायचंय त्यावर ते अवलंबून आहे. प्रबंधाचा विषय परदेशी मदत आणि कर्जमाफी असेल तर हेच खातं हवं. पण मग भारत त्यात शोभत नाही. घाना, टांझानिया, मोझांबिक, युगांडा यांसारखे देश घ्या. अतिकर्जबाजारी गरीब देशांसाठीच्या १९९६ च्या योजनेतून ते गेले आणि २००६ पासून नाणेनिधी, जागतिक बँक आणि आफ्रिकन विकास बँकेने त्यांची उरलेली कर्जं माफ केली. तिथे या खात्यात सुळकेही आहेत आणि दरवर्षी येणारा अनुदानांचा प्रवाहही, म्हणजे तुलना करायला दोन वेगळ्या गोष्टी मिळतात. शेजारचं हवं असेल तर नेपाळ आहे. नेपाळ राष्ट्र बँकेच्या तक्त्यांत भांडवली हस्तांतरणाची वेगळी ओळ मिळते. एक सावधगिरी मात्र घ्या: मदत सगळीच या खात्यात येत नाही. रस्ता, धरण, शाळा बांधायला दिलेलं अनुदान इथे येतं. धान्याची मदत किंवा सरकारचा रोजचा खर्च भागवायला दिलेला पैसा चालू खात्यात जातो. एखाद्या देशाला या खात्यात कमी मिळालेलं दिसलं म्हणजे त्याला मदतच कमी मिळाली असं नसतं.

तुमच्या प्रश्नाचा रोख मात्र गुंतवणुकीकडे आहे. ‘पैसा कुठे गेला, भारतात की नायजेरियात?’ त्यासाठी हवंय ते वित्तीय खातं, आणि तेही गंगाजळीतला, म्हणजे मध्यवर्ती बँकेच्या परकीय चलनसाठ्यातला, बदल बाजूला काढून. गंगाजळी वेगळी का काढायची ते भारताच्या दोन वर्षांवरून पाहा. २००७-०८ मध्ये, जुन्या पद्धतीने मोजलं तर, निव्वळ भांडवली ओघ सुमारे १०७ अब्ज डॉलर होता, जीडीपीच्या ९ टक्क्यांच्या जवळपास. चालू खात्याची तूट सुमारे १६ अब्ज. उरलेला पैसा रिझर्व्ह बँकेने उचलला आणि गंगाजळी सुमारे ९२ अब्जांनी वाढली. पुढच्याच वर्षी, लेहमन ही अमेरिकी गुंतवणूक बँक बुडाल्यावर, ओघ सुमारे ७ अब्जांवर आला, तूट २८ अब्जांवर गेली आणि गंगाजळी २० अब्जांनी घटली. आता गंगाजळी आतच ठेवून वित्तीय खात्याची बेरीज केलीत तर ती चालू खात्याच्या तुटीएवढीच येणार, कारण हिशेब तसाच जुळवलेला असतो. २००७-०८ मध्ये १६ आणि २००८-०९ मध्ये २८. म्हणजे ज्या वर्षी बाजार कोसळला त्या वर्षी भारतात जास्त पैसा आला, असा उफराटा निष्कर्ष तुमच्या हातात पडेल. डोळे मिटून ‘नेट फायनान्शियल अकाउंट’ ही मालिका उचलली तरी हा धोका राहतोच.

तिथे दुसरा काटा चिन्हाचा. नाणेनिधीच्या सहाव्या आवृत्तीत वित्तीय खात्यातला अधिक आकडा म्हणजे देशाने बाहेर निव्वळ मालमत्ता जमवली, आणि उणे म्हणजे बाहेरून निव्वळ पैसा घेतला. म्हणून जागतिक बँकेच्या साठ्यात भारताची निव्वळ थेट गुंतवणूक वर्षानुवर्षं उणे दिसते. ते पाहून ‘भारतातून एफडीआय पळतेय’ असं लिहिणारे लेख मी वाचलेत, त्यातले काही चांगल्या शिकलेल्या माणसांचे. रिझर्व्ह बँकेच्या तक्त्यात याच्या उलट आहे. पैसा आला की अधिक, आणि गंगाजळी वाढली की ती ओळ उणे. एका देशाचे आकडे इथून आणि दुसऱ्याचे तिथून घेतलेत की अर्धा प्रबंध उलटा होतो.

मी स्वतः यासाठी फार हुशारी करत नाही. प्रत्येक देशासाठी पाच रकाने करतो: चालू खातं, छोटं भांडवली खातं, गंगाजळी सोडून वित्तीय खातं, गंगाजळीतला बदल, आणि ‘एरर्स अँड ओमिशन्स’, म्हणजे नोंदींतून सुटलेलं, न जुळणारं जे उरतं ते. सगळीकडे एकच दंडक: डॉलर देशात आला तर अधिक, गेला तर उणे, आणि गंगाजळीत भर पडली तर तीही उणे. मग आडवी बेरीज. ती प्रत्येक वर्षी शून्य यायलाच हवी. वरची २००७-०८ ची रक्कम टाकून पाहा: उणे १६, अधिक १०७, उणे ९२, आणि उरलेला एखादा अब्ज एरर्समध्ये. शून्य आलं नाही तर कुठेतरी चिन्ह फिरलंय किंवा एखादी ओळ दोनदा आलीय. आलेख काढायच्या आधी ही बेरीज करा. यात एखादी संध्याकाळ जाते, पण गाइडसमोरची शोभा वाचते.

याच तक्त्यात नायजेरियाची २००५ आणि २००६ ही वर्षं टाकलीत की सुळका आपोआप जागेवर येतो. छोट्या खात्यात दोन वर्षं मिळून अधिक १८, वित्तीय खात्यात कर्ज नाहीसं झाल्याचे उणे ३०, आणि चालू खात्यात तेलाची मोठी शिल्लक, जिच्या जिवावर ते १२ अब्ज भरता आले. मला विचाराल तर प्रबंधातलं सर्वांत वाचनीय पान हेच होईल. त्या सुळक्याला ‘अपवादात्मक वर्ष’ म्हणून गाळू नका. माफी दोन्हीकडून काढा, म्हणजे छोट्या खात्यातले अधिक १८ आणि वित्तीय खात्यातले तेवढेच उणे, आणि आधीचं-नंतरचं दोन्ही छापा.

आता वेळेचा प्रश्न. रिझर्व्ह बँकेचं वर्ष एप्रिल ते मार्च. नाणेनिधीचे आणि त्यामुळे जागतिक बँकेचे आकडे जानेवारी ते डिसेंबर, आणि नायजेरियाचेही तसेच. सरळ काळात याने बिघडत नाही, पण २००८ सारख्या वर्षी बिघडतं. लेहमन सप्टेंबरात बुडालं. कॅलेंडर २००८ मध्ये जानेवारी ते मार्च ही अजून बरी असलेली तिमाही येते, त्यामुळे तिथे पडझड सौम्य दिसते. २००८-०९ मध्ये ती तिमाही नसते, म्हणून कडेलोट दिसतो. रिझर्व्ह बँकेच्या डेटाबेसमध्ये तिमाही आकडे आहेत. चार-चार तिमाह्या जोडून कॅलेंडर वर्ष स्वतः बनवा. आणखी एक सांधा: २००० नंतरच्या भारताच्या एफडीआयमध्ये कंपन्यांनी परत गुंतवलेला नफाही धरला जातो, आधी तो नव्हता. तुमची मालिका २००० पासूनच आहे, त्यामुळे तुम्ही बऱ्याच अंशी वाचलात. कुणी १९९१ पासून ओढत आणली तर त्याने तिथे उभी रेघ मारून तळटीप द्यावी.

डॉलरमधल्या नुसत्या रकमा शेजारी ठेवण्यात अर्थ नाही, हे तुम्हाला ठाऊक आहेच. सगळे म्हणतात जीडीपीने भागा. भागा, पण नायजेरियाच्या बाबतीत तो भाजक स्वतःच उड्या मारतो. एप्रिल २०१४ मध्ये त्यांनी जीडीपीचं आधारवर्ष १९९० वरून २०१० वर आणलं आणि २०१३ चा जीडीपी एका दिवसात ८९ टक्क्यांनी वाढून सुमारे ५१० अब्ज डॉलर झाला. सिनेमा, टेलिकॉम असे जे धंदे जुन्या मोजणीत नीट बसत नव्हते ते आत आले. मग जून २०२३ मध्ये नायराचे, म्हणजे नायजेरियाच्या चलनाचे, वेगवेगळे दर एकत्र केल्यावर तो घसरला आणि डॉलरमधला जीडीपी आकसला. ओघ तेवढाच असूनही गुणोत्तर एकदा निम्म्यावर आलं आणि नंतर फुगलं. म्हणून मी अशा देशांसाठी दुसरा भाजकही वापरतो: चालू खात्यातली एकूण परकीय कमाई, म्हणजे निर्यात, सेवा आणि बाहेरून आलेले पैसे मिळून. ती मुळात डॉलरमध्येच येते, आधारवर्षाची भानगड नाही. तेलाच्या भावाबरोबर ती हलते हा दोष आहेच. दोन्ही गुणोत्तरं एकाच दिशेने बोलली तरच निष्कर्ष लिहा.

ओघाची दिशा आणि एखादी घटना यांतही गल्लत होते. २०१३ मध्ये मे ते ऑगस्टदरम्यान रुपया घसरला तेव्हा रिझर्व्ह बँकेने अनिवासी ठेवींसाठी सवलतीचा स्वॅप (डॉलर घेऊन ते पुढे ठरलेल्या दराने परत देण्याचा करार) बँकांना दिला. सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात त्यातून आणि बँकांच्या परदेशी कर्जांतून मिळून सुमारे ३४ अब्ज डॉलर आले. ठेवी तीन वर्षांच्या होत्या, २०१६ मध्ये परत गेल्या, आणि २०१६-१७ मध्ये अनिवासी ठेवींची निव्वळ ओळ उणे झाली. भारतावरचा विश्वास २०१३ मध्ये अचानक वाढला आणि २०१६ मध्ये उडाला असं यातून काढणं हास्यास्पद ठरेल. तसंच ऑगस्ट २०२१. नाणेनिधीने सगळ्या सदस्यांना मिळून ६५० अब्ज डॉलरच्या एसडीआरचं (नाणेनिधी सदस्य देशांना देतो त्या राखीव मालमत्तेचं) वाटप केलं. भारताच्या वाट्याला सुमारे १७.९ अब्ज आले, नायजेरियाच्या सुमारे ३.३ अब्ज. ही रक्कम एकीकडे देणं म्हणून आणि दुसरीकडे गंगाजळी म्हणून चढते. गंगाजळी वगळून वित्तीय खातं पाहणाऱ्याला त्या वर्षी ओघ वाढलेला दिसतो, पण यात गुंतवणूकदार कुणीच नाही. ही रक्कम दोन्ही देशांतून काढून टाका.

‘निव्वळ’ या गोष्टीबद्दल थोडं सविस्तर, कारण इथे पेपरवाले आणि विद्यार्थी सारखेच फसतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये ह्युंदाई मोटर इंडियाचा २७,८७० कोटींचा आयपीओ आला. तो सगळाच्या सगळा ऑफर फॉर सेल होता. कंपनीत नवा पैसा आला नाही, कोरियातल्या मूळ कंपनीने आपला हिस्सा विकला. व्यवहारतोलात ही थेट गुंतवणुकीची माघार. शेअर घेणारा ठाण्याचा किरकोळ गुंतवणूकदार किंवा इथला म्युच्युअल फंड असेल तर तेवढे डॉलर देशाबाहेर गेले. घेणारा परदेशी फंड असेल तर एफडीआयमध्ये उणे, पोर्टफोलिओमध्ये (शेअर-रोख्यांतल्या परदेशी गुंतवणुकीत) अधिक, आणि गोळाबेरीज जागच्या जागी. अशा विक्री आणि भारतीय कंपन्यांनी बाहेर केलेली गुंतवणूक वजा केली की चित्र पालटतं. २०२४-२५ मध्ये भारतात आलेली ढोबळ एफडीआय सुमारे ८१ अब्ज डॉलर होती आणि निव्वळ एफडीआय एका अब्जाच्याही आत. दोन्ही आकडे खरे आहेत. सरकारी जाहिरातीत पहिला दिसतो, टीकाकारांच्या लेखात दुसरा. मला विचाराल तर दुसऱ्या आकड्यावरून गळा काढायचं कारण नाही. ज्या बाजारात चढ्या भावाने विकून बाहेर पडता येतं तिथे पुढचा गुंतवणूकदार यायला घाबरत नाही.

नायजेरियाच्या बाजूला याच जातीचा सापळा आहे. तिथलं सांख्यिकी कार्यालय दर तिमाहीला ‘कॅपिटल इम्पोर्टेशन’ नावाचा अहवाल काढतं. नीटनेटका असतो, देशवार आणि बँकवार तक्ते असतात, म्हणून तो वापरायचा मोह होतो. पण तो फक्त आत आलेला पैसा मोजतो, बाहेर गेलेला नाही. त्याच्या शेजारी रिझर्व्ह बँकेचा निव्वळ आकडा ठेवलात तर नायजेरियावर उगाच मेहेरबानी होईल.

आतापर्यंतचं एका दमात सांगायचं तर: तुमची मालिका गुंतवणुकीची नाही, सुळका माफीचा आहे. गुंतवणुकीसाठी गंगाजळी वगळून वित्तीय खातं घ्या, चिन्ह एक करा, वर्ष एक करा, दोन भाजक वापरा, आणि माफी, स्वॅप, एसडीआर यांसारख्या घटना वेगळ्या काढा.

एवढं करूनही एक रकाना उरतो आणि नायजेरियासाठी तोच सर्वांत त्रासदायक आहे: एरर्स अँड ओमिशन्स. भारतात तो बहुतेक वर्षं एक-दोन अब्जांच्या घरात असतो, एवढ्या मोठ्या व्यवहारात तो नगण्यच. नायजेरियात तो अनेक वर्षं मोठा असतो. तेलाची चोरी, सीमेवरचा न नोंदलेला व्यापार, समांतर बाजारातले डॉलर, जे कुठे सापडलं नाही ते सगळं शेवटी इथे येऊन साचतं. माझा साधा नियम असा: ज्या वर्षी हा रकाना त्या देशाच्या निव्वळ एफडीआयपेक्षा मोठा आहे, त्या वर्षाबद्दल मी दिशासुद्धा सांगत नाही. तक्त्यात ते वर्ष करड्या रंगात ठेवतो आणि तीन किंवा पाच वर्षांच्या सरासरीवर बोलतो. तुमच्या काळातली किती वर्षं करडी होतात ते आधी मोजा. निम्म्याहून जास्त झाली तर नायजेरियाऐवजी इंडोनेशिया किंवा ब्राझील घेतलेला बरा, त्यांचे आकडे जास्त भरवशाचे असतात. आणि नायजेरियाच ठेवायचा असेल तर विषयच पॅरिस क्लबच्या त्या दोन वर्षांभोवती बांधा. काय ते सारांशिका जमा करायच्या आधी ठरवा. नंतर देश बदलायचा म्हटलं की विभागातले कागदपत्रांचे सोपस्कार पहिल्यापासून करावे लागतात.